सहावं पिल्लू

"टाकीमागे नको, तिथे पाणी झिरपतं," नकाशा म्हणाला. "भिंतीकडेच्या झाडाखाली खणू. माती मऊ आहे."

गल्लीबोळ तोंडपाठ असलेल्या या शेजारच्या मुलाला सगळे नकाशाच म्हणत. सुट्टी लागली तेव्हा त्याने महिनाभराचे बेत आखले होते: कुत्र्याच्या पिल्लाला कुठे फिरवायचं, चेंडू आणायला कुठे शिकवायचं. त्या बेतांत खड्डा नव्हता.

चिमणी पायरीवर बसून होती. ती बारा वर्षांची होती, पण अंगाने लहानखुरी आणि चारचौघांत तोंड न उघडणारी, म्हणून चिमणी. तिच्या मांडीवर जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेला बटण होता. नाक काळ्या बटणासारखं, म्हणून बटण. शनिवारी तो पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून घरी आला होता आणि मंगळवारी, आज सकाळी, गेला होता.

"ताई, तू त्याला दूध जास्त दिलंस का गं?" धाकट्या बारक्याने विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. नऊ वर्षांचं पोर, डोक्यात येईल ते तोंडात. पण चिमणीने फ्रॉकची घडी उगीच पुन्हा नीट केली.

दूध तिनेच दिलं होतं. दुकानदाराला तिने दोनदा विचारलं होतं, "काका, याला खायला काय घालायचं?" तो म्हणाला होता, "दोन महिन्यांचा गडी आहे. दूध-बिस्किट घाल, चालेल ते घाल." बटणने वाटीत तोंड बुडवून दूध सांडलं, थोडं प्यायला. रविवारपासून पोट बिघडलं. सोमवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सलाईन लावली, त्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा दोन महिन्यांचा नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे दात आलेले असतात. याच्या दाढा अजून हिरडीतच आहेत. चार आठवड्यांचाही असेल की नाही, शंका आहे. याला आईचंच दूध हवं होतं. गाईचं याला सोसत नाही."

माती लोटून झाली तेव्हा बाबा दुकानातून परत आले. ते जाब विचारायला गेले होते, पण परतले ते मान खाली घालून.

"तो म्हणतो, पिल्लू दोन महिन्यांचंच होतं. तुम्हीच नीट सांभाळलं नाही." बाबांनी चिमणीकडे पाहायचं टाळलं. "पुरावा काय म्हणतो. बाकीची पाच पिल्लं तशीच आहेत पिंजऱ्यात. आज पाच वाजता लोक न्यायला येणार आहेत."

बाबा आत गेले.

"आत्ता अकरा वाजलेत," चिमणी म्हणाली. "पाचपर्यंत त्यांची आई सापडली पाहिजे."

"आई?" बारक्या म्हणाला. "दुकानदार म्हणाला होता, आई लांबच्या गावी असते."

"तो वय पण सांगत होताच की."

चिमणीने पोत्याचा तुकडा उचलला. त्यावरच बटण तीन दिवस झोपला होता. तिने तो उन्हात झटकला, तशा त्याच्या विणीतून पिवळसर, पातळ, कुरळ्या साली पायरीवर पडल्या.

"पेन्सिलीला टोक काढल्यासारखं दिसतंय," बारक्या म्हणाला.

"एवढी मोठी पेन्सिल तुझ्या आजोबांकडे होती का?" नकाशाने साल बोटावर गुंडाळली. "लाकडावर हाताने रंधा मारला की अशा साली निघतात. यंत्राने नुसता भुगा पडतो." तो डोळे मिटून गल्ल्या मोजू लागला. "इथे सुतारांची तीन दुकानं. दोघांकडे यंत्र. हाताने रंधा मारणारं एकच, छापखान्यामागचं."

ते पळतच गेले.

छापखान्यामागच्या शेडमध्ये एक म्हातारे सुतारकाका चौकटीवर वाकले होते. कानावर जाड पेन्सिल. मागच्या भिंतीला फळ्या टेकवलेल्या होत्या आणि प्रत्येक फळीवर मापं, तारखा, निरोप लिहिलेले.

भुशाच्या रंगाची एक कुत्री कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांत नाक खुपसत होती. ती दारापर्यंत येई, बाहेर पाही, परत जाऊन तीच पोती उकरे. तिची आचळं दुधाने ताठली होती.

"भुशी, बस गं," काका म्हणाले. "शुक्रवारपासून असंच चाललंय. जेवत पण नाही नीट."

भुशीला वास आला. ती थेट चिमणीपाशी आली, हातातल्या पोत्यात तिने तोंड घातलं, आणि तिचं सगळं अंग हलायला लागलं. मग तिने मान वर करून चिमणीच्या मागे पाहिलं. मागून आणखी कोणी येत असावं, तसं. बराच वेळ ती दाराकडे बघत राहिली.

नकाशानेच सगळं सांगितलं. काकांच्या हातातला रंधा थांबला.

"गेलं?" ते म्हणाले. "अरे, भिजवलेला पाव चाटायला लागली होती ती पिल्लं. मला वाटलं, खायला लागली म्हणजे मोठी झाली. तो दुकानदार म्हणाला, चांगली घरं बघून देतो. इथे करवती, खिळे... म्हटलं, बरंच झालं."

"काका, पिल्लं कधी जन्मली ते आठवतं का?" चिमणीने विचारलं.

"आठवण माझ्या डोक्यात कुठे असते पोरी? ती भिंतीवर असते." त्यांनी तीन फळ्या बाजूला करून चौथी ओढली. खिडकीच्या मापाखाली लिहिलं होतं: 'सात तारीख. भुशी व्याली. सहा.' आणि खाली एकाखाली एक सहा आडव्या रेघा.

चिमणीने बोटांवर मोजलं. "शनिवारी सव्वीस दिवस झाले होते," ती म्हणाली. "चार आठवडेसुद्धा नाहीत."

काका स्टुलावर बसले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी उगीच पुन्हा कानावर ठेवली. मग उठले आणि दोरी शोधू लागले.

पाच वाजता दुकानात चार कुटुंबं दाटीवाटीने उभी होती. माशांच्या टाक्या बुडबुडत होत्या. चार पिल्लं पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात एकमेकांवर पडली होती. एक पिल्लू एका बाईंच्या हातात कुईंकुईं करत होतं.

"भूक लागली असेल," दुकानदार सांगत होता. "घरी गेल्यावर दूध-बिस्किट घाला. दोन महिने पूर्ण, काळजी नको."

"काका, त्यांचे दात दाखवता का?" चिमणीने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक होता, की तिला पुन्हा विचारावं लागलं.

दुकानदार हसला. "तुला पिल्लू बघायचंय की दाताचा दवाखाना काढायचाय?"

दोघे-तिघे हसले. चिमणीचे कान तापले. घरी पळून जावंसं वाटलं. पण हातात पोतं होतं, ते तिने घट्ट धरलं. "आणि यांची आई कुठे असते?"

"सांगितलं ना, लांब. जातिवंत आहे ती."

चिमणीने मागे वळून मान हलवली. नकाशाने दार उघडलं.

भुशीने काकांच्या हातातून दोरी केव्हा सोडवून घेतली ते कळलंच नाही. ती माणसांच्या पायांतून पिंजऱ्यापाशी पोचली आणि कण्हल्यासारखा एक आवाज काढून जाळीला लागून आडवी झाली. पाचही पिल्लं किंचाळायला लागली. बाईंनी हातातलं पिल्लू हळूच खाली ठेवलं. ते धडपडत आईपाशी गेलं आणि प्यायला लागलं.

दुकानात कोणी हसलं नाही. काकांनी फळी काउंटरवर ठेवली. "वाचा," ते म्हणाले. "चूक माझीपण आहे. पण तारीख मी तुम्हाला सांगितली होती."

"लहान असली की लोकांना जास्त आवडतात," दुकानदार पुटपुटला.

"आम्हाला खोटं बोललेलं नाही आवडत," बाई म्हणाल्या. "पिंजरा उघडा."

त्याने उघडला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई शेडमध्ये आल्या आणि एकेक पिल्लू तपासलं. चारही घरांनी थांबायचं कबूल केलं होतं. "आठ आठवडे पुरे होईपर्यंत आईजवळच," बाईंनी बजावलं. "मग भिजवलेलं मऊ खाणं, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. पहिला आठवडा इथे खात होतं तेच. बदलायचं ते हळूहळू." मग त्या पोरांना न्यायला आलेल्या बाबांकडे वळल्या. "तुमच्या पोरांनी पाच जीव वाचवले. शाबास म्हणा त्यांना."

बाबांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. नकाशा आणि बारक्या लाजले. चिमणी मात्र बाईंकडे पाहत होती.

"मी दूध दिलं नसतं तर बटण जगला असता?"

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "माहीत नाही. कदाचित. पण तू न विचारता दिलं नाहीस. तू मोठ्या माणसाला विचारलंस, आणि मोठ्या माणसाने चुकीचं सांगितलं. हे ओझं तुझ्या एकटीचं नाही."

तेव्हा चिमणी रडली. दिवसभरात पहिल्यांदाच.

जाताना तिने पोत्याचा तुकडा भुशीपुढे ठेवला. पाच पिल्लं पीत होती, तरी भुशीने मान लांब करून हनुवटी त्या तुकड्यावर टेकवली.

सुट्टी संपत आली तशी पिल्लं शेडभर धावू लागली. काकांनी फळीवरच्या चार रेघांपुढे चार घरांचे पत्ते लिहिले होते. पाचवी रेघ रिकामी होती. पाचवं पिल्लू चिमणीची चप्पल ओढत होतं, आणि तिने ती सोडवून घेतली नव्हती.

"आवडतंय ना?" काका म्हणाले. "बाबा हो म्हणालेत. जा घेऊन आजच. आठ आठवड्यांना चारच दिवस कमी आहेत, काय बिघडतंय?"

चिमणीने पिल्लू उचललं. त्याचं पोट गरम होतं. तिने त्याच्या डोक्याचा वास घेतला, तसाच, बटणसारखा. मग तिने त्याला भुशीपाशी नेऊन ठेवलं.

"चार दिवसांनीच येते," ती म्हणाली.

काकांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. तिने पाचव्या रेघेपुढे आपल्या घराचा पत्ता लिहिला. पेन्सिल परत देता देता थांबली, आणि सहाव्या रेघेपुढे बारीक अक्षरांत लिहिलं: 'बटण. झाडाखाली.'