धरलेली जागा

बसा, सांगते. कंदील तेवढा इकडं सरकवा. मी तशी घाबरटच, कडी वाजली तरी दचकते.

बी.ए. झाले, नोकरी नाही. त्यात हा त्र्याहत्तरचा दुष्काळ. म्हणून सोनपेठजवळच्या तलावाच्या कामावर, बायका खडी फोडतात तिथं, त्यांची लेकरं सांभाळायला लागले. सावली एकच, खोदलेल्या मुरमाच्या उभ्या कडेखाली. तिथं चिंधी गुंडाळलेला दगड होता. पाणी प्यायला उठताना बायका अशीच आपली जागा धरून ठेवतात. बराच वेळ कुणी आलं नाही. मी दगड सरकवला, पोतं अंथरलं, लेकरं बसवली.

लेकरांचा खेळ आयांचाच. बोटाला चिंधी, हातात दगड, ठक्... ठक्... मला हसू आलं. मग दिसलं, सगळी डाव्या हातानं फोडत होती. आणि मधेच, सगळी एकदम, दोन्ही हात डोक्यावर घेऊन आडवी होत होती.

बायकांकडं पाहिलं. एकूणएक हातोडी उजव्या हातात.

"छबे, कुणाचं बघून करायलीस गं?"

"तिचं." छबीनं माझ्या मागं बोट दाखवलं. मागं नुसता मुरूम. अन् त्या उन्हात ओल्या मातीचा वास...

सरजाबाई धावत आल्या. त्यांचा आठ महिन्यांचा नातू त्याच पोत्यावर होता.

"बाई, दगड कामून हालवला? जागा माझ्या सुनंची हाय, बायनाची. मागल्या म्हैन्यात कड ढासळली तिच्यावर."

"ती... डावरी होती?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

दगड जागेवर ठेवला. लेकरं लांब, विरळ बाभळीखाली नेली. खेळ थांबला. लेकरं बघतात तेच करतात. बघणं सुटलं, करणं सुटलं.

बायनाचं लेकरू मात्र कडेकडंच बघत राहिलं. काल त्यानं डावा हात पुढं केला. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. ये... ये...

"अगं बया! कुणी शिकवलं माज्या राजाला?" सरजाबाई हरखल्या.

मी लेकरू ओढून मांडीवर घेतलं.

तेव्हापासून मी त्याला मांडीवरून उतरवलं नव्हतं. आज छबी पडली म्हणून क्षणभर खाली ठेवलं. वळले, तर ते रांगत निघालेलं. पहिल्यांदाच. सरळ कडेकडं. धावत जाऊन उचललं...

तिथं दोन दगड होते. दुसरा लहान, मुठीएवढा. त्याची चिंधी लेकराच्या टोपड्याची होती.