चार लाख वेळा ‘सामान्य’

कार्ड लावलं तरी दार ढिम्म उघडेना. रुग्णालयाच्या संगणक विभागातली ती तात्पुरती कर्मचारी तशीच हात वर करून उभी राहिली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "चाळीस सेकंद लागतात म्हणे. तोवर ओळख करून घेऊ या?"

मुख्य कार्यालयातून पाठवलेला तपासनीस तो हाच. रुग्णालयातल्या सहा लाख माणसांची माहिती, रुग्ण काय नि कर्मचारी काय, ज्या डिरेक्टरी सर्व्हरवर होती, तो तीन आठवड्यांपासून रखडत चालला होता. कुणी विभागावरून शोध घेतला की तो धापा टाकी, आणि त्याच्यामागे सगळे शोध ताटकळत, कार्ड ओळखून दार उघडणारासुद्धा. तपासनीस हसला. हसू गोड होतं हे खरंच, पण तिने नजर चुकवली ती निराळ्याच कारणाने.

तीन आठवड्यांपूर्वी तिनेच चार लाख नोंदींमधली विभागाची रिकामी जागा ‘सामान्य’ या एका शब्दाने भरून टाकली होती. कुणी सांगितलं नव्हतं. रिकाम्या जागा तिच्या डोळ्यांत खुपायच्या, एवढंच! ताईने फोनवर बजावलं होतं की शुक्रवारी नोकरी कायम होतेय, तोवर तोंडाला कुलूप लाव.

कुलूप लावून दोन दिवस ती त्याच्या शेजारी बसली. तो न विचारता तिच्यासाठी चहा आणे, कप कीबोर्डपासून लांब सरकवे... आणि ती त्याच्या बोटांकडे टक लावून बघत राही. तो त्या ‘सामान्य’च्या किती जवळ आला असेल, याचाच घोर. आणि शोध संपला की तो जाणार, याचाही.

गुरुवारी दुपारी त्याने अहवाल लिहायला घेतला. झटपट शोधासाठी सर्व्हर शब्दवार सूची ठेवतो; एका शब्दाखाली किती नोंदी मावतील याची तिला मर्यादा असते. ती ओलांडली की सर्व्हर सूचीचा नाद सोडतो आणि सहाच्या सहा लाख नोंदी चाळत बसतो. तो शांतपणे म्हणाला, ही मर्यादा दोन वर्षांपूर्वी मीच घातली होती. ‘सामान्य’ विभागाचे रुग्ण वाढले, माझा अंदाज चुकला. तसंच लिहितोय.

तिने त्याचा कीबोर्ड बाजूला ओढला.

"नका लिहू. रुग्ण वाढले नाहीत. मी भरलंय ते... चार लाख वेळा."

तो तिच्याकडे वळला.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"आधी नोकरी जाईल म्हणून. मग — तुम्ही तोंड फिरवाल म्हणून. दुसरी भीती जास्त होती."

त्याने तिची खुर्ची पडद्यासमोर ओढली. दोघांनी मिळून ते शब्द पुसले, सूची नव्याने बांधली. तासाभराने विभागावरून शोध घेतला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. त्याने अहवालाचा पडदा तिच्याकडे फिरवला. चूक तिची, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ती तिनेच कबूल केली, हेही.

"खोटं लिहिता येणार नाही मला," तो म्हणाला. "पण उद्या काहीही होवो, पाच वाजता, सुटायच्या वेळी, मी फाटकापाशी उभा असेन. तुमच्यासाठी."

तिने स्वतःच अहवाल पाठवून दिला.

"आणि मला काढून टाकलं तर?"

"तर चारलाच येतो."