दत्ताजीच्या ट्रकचा बूस्टर

अमोघ, यशश्री, जवळ सरका, म्हणजे मला मोठ्यानं बोलावं लागणार नाही. खाली आजी झोपलीय. लक्ष्मीकांत शिर्के माझा शाळेपासूनचा मित्र. हे त्याच्या बाबतीत घडलं. त्यानंच मला सांगितलं.

बडोद्यात डभोई रोडवर त्याचं गॅरेज होतं. जुन्या डिझेल ट्रकांच्या ब्रेकचं काम करायचा. त्या ट्रकांत ब्रेकच्या मागे पत्र्याचा एक गोल डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिनवरचा पंप त्यातली हवा ओढून घेतो आणि त्या ओढीनं ड्रायव्हरच्या पायाला जोर मिळतो. आतला रबरी पडदा फाटला की जोर गेला. पेडल दगड होतं. भरलेला ट्रक मग नुसत्या पायानं थांबत नाही.

त्या वर्षांत नव्या गाड्या भराभर येत होत्या आणि जुन्यांचे पार्ट मिळेनासे झाले होते. जयसिंगरावांचा एक ट्रक बूस्टरवाचून लक्ष्मीकांतच्या अंगणात दिवाळीपासून उभा होता. अमदावादचं भंगार धुंडाळून झालं होतं. काही हाती लागलं नव्हतं.

वासी उत्तरायणची, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. पंधरा जानेवारी सत्त्याण्णव. सगळं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर, आणि लक्ष्मीकांत घरी उंधियू खाऊन आडवा झालेला. जयसिंगराव दारात आले, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाले, डबा मिळाला, आजच बसव, सकाळी नंदेसरीच्या कारखान्यातून पिंपं उचलायची आहेत. सणाचा दिवस म्हणून लक्ष्मीकांत नको म्हणत होता. पण जुनं गिऱ्हाईक. गेला.

गॅरेजात दिव्याखाली त्यानं डब्यावरचं ग्रीस पुसलं आणि तो थबकला. कडेला वेल्डिंगची एक वाकडी रेघ होती. ती त्याच्याच हातची.

तो बूस्टर जयसिंगरावांच्याच दुसऱ्या ट्रकचा होता. दत्ताजी चालवायचा तो, नेहमी अनवाणी पायानं. पावसाळ्यापूर्वी दत्ताजी स्वतः सांगत आला होता की पेडल कडक होतंय. लक्ष्मीकांतनं उघडून पाहिलं, पडदा चिरलेला. जयसिंगरावांना स्पष्ट सांगितलं, हा ट्रक रस्त्यावर काढू नका. त्यांनी काढला. श्रावणात, गॅरेजपुढच्याच वळणावर, दत्ताजी भरल्या ट्रकासकट पुलाच्या कठड्यावर आदळला आणि जागीच गेला. पोलिसांना जयसिंगरावांनी सांगितलं की ड्रायव्हर प्यायलेला होता. तेच कागदावर आलं. त्याची बायको आनंदी चौकीच्या पायरीवर बसून दिवसभर एकच सांगत राहिली, माझा माणूस पीत नव्हता. कुणी ऐकलं नाही. लक्ष्मीकांत घाबरून गप्प बसला होता. ते त्याला आतून खात होतं.

"हा दत्ताजीचा आहे," तो म्हणाला.

"लोखंड आहे. पडदा दुसरा घाल आणि बसव."

लक्ष्मीकांतनं दुसऱ्या मापाच्या रबरातून पडदा कापला, घातला, कडा आवळल्या आणि डबा टेबलावर ठेवला. नळी नाही, पंप नाही. काहीच जोडलेलं नाही.

डब्यानं श्वास घेतला.

स्स्स... असा. लांब. मग थांबला. मग पुन्हा.

बाहेर आभाळात पतंगांच्या दोरीला बांधलेले तुक्कलांचे कंदील चढत होते. लांबून आरोळ्या येत होत्या. आत दोघं त्या डब्याकडे बघत उभे.

जयसिंगराव हसले. म्हणाले, रबर बसतंय जागेवर.

लक्ष्मीकांतनं तो ट्रकात चढवला, नळ्या जोडल्या. शेवटचा बोल्ट आवळून वर आला आणि तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं.

"शेठ, तो प्यायला नव्हता. तुम्हालाही माहीत आहे."

"प्यायला होता. मी सांगितलं, म्हणजे होता."

ट्रकाच्या केबिनमध्ये ब्रेकचं पेडल दाबलं गेलं. खट्...

कुणी नव्हतं आत.

खट्...

लक्ष्मीकांत मागे सरला. जयसिंगराव मात्र चिडले. कुणासमोर भ्यायची त्यांना सवय नव्हती. दार उघडून स्वतःच चढले, इंजिन चालू केलं, अंगणात दोनदा ब्रेक मारून पाहिला. लोण्यासारखा लागला. लक्ष्मीकांतनं हात जोडले, आज रस्त्यावर नेऊ नका. त्यांनी काच वर केली.

ट्रक फाटकाबाहेर गेला. रस्ता मोकळा. वळण समोर.

वेग कमी होईना.

मागचे ब्रेकचे लाल दिवे लागेनात.

मग जयसिंगरावांचा आवाज आला. बंद काचेतून, इतक्या लांबून, तरी ऐकू आला. "सोड... पाय सोड..."

मग कठडा.

लक्ष्मीकांत धावत पोचला तेव्हा जयसिंगराव शुद्धीवर होते. पाय गुडघ्यापासून चेपलेला. आणि केबिनभर दारूचा भपका. शर्ट, केस, तोंड... भिजलेलं. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. केबिनमध्ये ना बाटली, ना बाटलीची काच.

पोलिसांनी वास घेतला आणि लिहून टाकलं. लक्ष्मीकांत सांगत होता, मी सोबत होतो, ते प्यायले नव्हते. हवालदार म्हणाला, सगळे हेच म्हणतात, भाई.

जयसिंगराव वाचले. पाय कापावा लागला. पुढे बरीच वर्षं जगले, आणि दुकानात, देवळात, लग्नात, भेटेल त्याला सांगायचे की मी प्यायलो नव्हतो. लोक मान हलवायचे आणि तोंड वळवायचे. सख्ख्या मुलानंही विश्वास ठेवला नाही.

लक्ष्मीकांत दुसऱ्या दिवशी चौकीत गेला आणि दत्ताजीच्या ट्रकचा पडदा चिरलेला होता, असा जबाब देऊन आला. उशीर झाला होता, पण दिला. तिथेच पोलिसांनी त्याला सांगितलं, आता या ट्रकचा ब्रेकही तपासून दे.

त्यानं तपासला. पडदा शाबूत. पंप ठीक. नळी कुठं गळत नव्हती. पेडल कडक व्हायला काही कारणच नव्हतं.

मग तो केबिनमध्ये उताणा झोपला आणि बॅटरी घेऊन पेडलच्या खालून बघायला लागला. आधी हाताला लागलं. खळगे. लोखंडात...

पाच बोटं आणि चवडा. अनवाणी पायाचा. खालून वर रेटलेला.