उसवणीची वीज

वडिलांचा आवाज भार्गवी इराबत्तीच्या कानात उमटे तो धोट्याच्या खटखटीसकट. सोलापूरच्या पूर्व भागातलं ते घर, खड्ड्यात बसवलेला हातमाग, कमरेपर्यंत जमिनीत गेलेले वडील आणि त्यांच्यापुढे ताणलेलं उभं सूत. हात चालत असताना ते गुणगुणत:

उभा धागा देवाजीनं, आडवा मी भरियेला
चुकला जो मधी एक, तिथवर उसविला

लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, एकच तर धागा चुकलाय, कापून टाकला तर काय बिघडलं. वडिलांनी धोटा थांबवला. "कापला तर भोक पडतंय बाळा. वरून झाकला तर दिसत नाही, पण आत राहतोय की. काढायचाच म्हटलं तर तिथपर्यंत सगळं उसवायचं आणि पुन्हा विणत यायचं."

माग गेला, वडीलही गेले. आवाज तेवढा राहिला, आणि त्या आवाजाच्या सोबतीने भार्गवीने पुढे गृहमन घडवलं.

गृहमन म्हणजे घराला दिलेली शिकणारी बुद्धी. ती भिंतीतल्या एका पेटीत वस्तीला असे. माणसं केव्हा उठतात, कोण कुठे बसतं, कोणाला पंखा लागतो आणि कोणाला सोसत नाही, हे ती पाहून पाहून शिके आणि शेगडी, दिवे, पाण्याची मोटर, कुलपं सांभाळी. सोलापुरातल्या जवळजवळ प्रत्येक घरात आता ती नांदत होती, आणि त्या सगळ्या घरांच्या किल्ल्या भार्गवीच्या हाती होत्या. हे काम जोखमीचं. म्हणून तिने स्वतःच एक नियम घालून घेतला होता. अशा जागेवरच्या माणसाची स्मृती घसरते आहे असं त्याच्या घराला दिसलं, तर घराने आधी त्या माणसालाच एकांतात सांगावं. तरीही घसरण चालूच राहिली, तर कार्यालयाला कळवावं आणि त्या माणसाने खुर्ची सोडावी. नियम लिहिताना तिचा हात अडखळला नव्हता. मूलबाळ नव्हतं, देवधर्म बेताचा; काम हेच तिचं गणगोत होतं.

त्या गणगोतावरच आता गदा आली होती. उन्हाळा सरला तरी काही घरांची विजेची बिलं उतरेनात. उतरायची सोडून ती चढत चालली होती. पालिकेने निक्षून सांगितलं होतं की येत्या सभेत कारण सांगा, नाहीतर गृहमन सगळ्या घरांतून उपटून काढू. भार्गवीची जागाही त्याबरोबरच जाणार होती.

होटगी रस्त्यावरच्या परीक्षणशाळेत तबस्सुम शेख रोज नवी तक्रार घेऊन येई. ती वीजपुरवठ्याकडची मीटर-निरीक्षक, तोंडाने फटकळ आणि कामाला चोख. एका घराने म्हणे फ्रिज बंद करून भाजी ओल्या फडक्यात ठेवली, तरी बिल तेवढंच. एकाने शेजाऱ्याने तारेवर आकडा टाकलाय म्हणून त्याच्याशी भांडण काढलं. शेजाऱ्याचं बिल त्याच्याहून मोठं निघालं, तेव्हा दोघं मिळून तबस्सुमच्या अंगावर आले. मीटर तपासले, ते बरोबर. वायरिंगही ठीक. वीज खरोखरच खर्च होत होती, आणि ती गृहमनाची पेटीच खात होती.

"पण सगळ्या शहरात नाही," तबस्सुम म्हणाली. "सगळी घरं पूर्व भागातली. तुमच्या माहेरची माणसं, मॅडम. लष्कर भागात नाही, जुळे सोलापुरात नाही. परवा सांगितलं होतं मी."

भार्गवीला ते आठवेना. ऐकण्यात राहून गेलं असेल म्हणून तिने सोडून दिलं आणि पर्स उचलली. कागदावर डोकं खाजवण्यापेक्षा तबस्सुमला घेऊन एखादं घर पाहून येऊ, असं तिने ठरवलं.

घर साखर पेठेतलं, यल्लूबाई चिप्पांचं. बाई एकटी. नवरा, नरसय्या, यंत्रमागावर जन्म काढून मागल्या वर्षी वारला. भार्गवीने पेटीच्या भिंतीला हात लावला तर भिंत ज्वर आलेल्या पोराच्या कपाळासारखी तापलेली. बाईंनी चहा टाकला. कप नकळत तीनाऐवजी चार मांडले आणि एक उचलून परत ठेवला.

घराला काही विसरायला सांगितलंय का, असं भार्गवीने विचारलं. यल्लूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ह्यांचा फोटो राहू दे की," त्या म्हणाल्या. "मी फोटोला कुठं नाही म्हणते. पण पहाटे त्या रिकाम्या खाटेवरचा पंखा आपोआप फिरतोय, ताई. ते उठले असं वाटतंय. म्हणून म्हटलं, घरा, तू तेवढं विसर."

"झाकायचं की उसवायचं, असं घराने विचारलं असेल."

"विचारलं. झाकून काय उपयोग? खोट आत राहतीय. आम्ही चादर अशी कधी बाजारात दिली नाही. उसव म्हटलं."

परतताना गाडीत भार्गवीने तबस्सुमला सगळं समजावून सांगितलं. आठवण ठेवायला यंत्राला फारसं काही लागत नाही. मोल पडतं ते पुसण्याचं. पुसलेली प्रत्येक खूण उष्णता होऊन बाहेर पडते, हा निसर्गाचाच नियम आहे. पण खऱ्या मोठ्या खर्चाचं कारण वेगळं. गृहमन आठवणी फडताळातल्या डब्यांसारख्या सुट्या ठेवत नाही, ते त्या विणतं. नरसय्याच्या उठण्यावर चहाची वेळ शिकलेली, चहाच्या वेळेवर मोटर, मोटरीवर अंघोळ. तो एक धागा काढायचा तर तो जिथे पहिल्यांदा आला तिथपर्यंत उसवत जावं लागतं, आणि तिथून आजपर्यंतचं सगळं घर त्याच्यावाचून पुन्हा विणावं लागतं. धागा जितका जुना, तितकी वीज जास्त. बाकीचं शहर आठवणी झाकून मोकळं होतं, त्याला खर्च नाही. विणकरांची वस्ती झाकायला तयार नाही, म्हणून बिलं तिथेच फुगली.

"बरं, एकदा उसवलं, एकदा खर्च झाला," तबस्सुम म्हणाली. "दर महिन्याला कशाला?"

"तिने कप किती मांडले पाहिलेस ना? खाटेची जागा ती अजून सोडते. घर पाहतं की ही बाई कोणासाठी तरी थांबतेय. मग तिच्या जुन्या सवयी मागे मागे तपासत जातं आणि त्या रिकाम्या जागेत कोण होतं ते पुन्हा ओळखतं. पंखा पुन्हा फिरतो. ती पुन्हा उसवायला सांगते. घर विसरतंय, तबस्सुम. ती विसरू देत नाही."

तबस्सुमने खिडकीबाहेर पाहत विचारलं, हे कोणालाही करता येतं का, म्हणजे नणंदेने भावजयीचा धागा काढला तर. भार्गवी हसली. ज्याचा धागा, त्याचाच आवाज लागतो. माणूस गेलेला असेल तर वारसाचा. ते कुलूप तिने स्वतः घडवलं होतं. आवाजाची नक्कल त्याला चालत नव्हती. बोलणाऱ्याचा श्वास आणि नाडीही ते तपासत असे.

कारण सापडलं होतं. सभेत सांगायला उत्तर होतं, आणि उपायही होता: उसवण्याआधी घराने खर्च सांगावा. परीक्षणशाळेत पोचल्यावर भार्गवीने स्वतः उठून दोघींसाठी गवती चहा केला. तबस्सुम मात्र कप हातात धरून बसून राहिली.

"अजून एक घर आहे, मॅडम. सांगू की नको असं चाललं होतं. अशोक चौकातलं. तुमचंच."

बिल नवऱ्याच्या, मुरलीधरच्या मोबाइलवर येई आणि तोच भरी. भार्गवीने लग्नापासून कधी ते उघडून पाहिलं नव्हतं. आता पडद्यावर तिच्या घराची उसवण उमटली. काय उसवलं ते बाहेरून कधीच दिसत नसे, फक्त किती खोलवर उसवलं ते पेटीच्या उष्णतेवरून कळे. रोज संध्याकाळी घर तापत होतं. रोज एकाच जागेपर्यंत मागे जात होतं, संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत, आणि तिथून आजवर पुन्हा विणत येत होतं.

जत्रेत काय झालं होतं? आकाशपाळणा, भाजलेल्या कणसाचा वास, मुरलीधरने घेतलेली लाकडी बाहुली. वेगळं काहीच नाही. मग त्यानेच काहीतरी दडवलंय. आजार असेल, किंवा ज्याचा आपण या वयात विचारही करत नाही असं काही. भार्गवीने तर्काने चालायचं ठरवलं, कारण तर्काने तिला आजवर दगा दिला नव्हता. दुपार कलायच्या आत ती घरी पोचली.

मुरलीधर जमिनीवर बसून शेंगाचटणीसाठी लसूण सोलत होता. पूर्वी तो चादरींची नक्षी काढायचा. अजूनही कोणती गोष्ट हातात घेतली की ती सरळ ओळीत मांडायचा. सोललेल्या पाकळ्याही तशाच रांगेत होत्या. लवकर आलीस, असं तो म्हणाला. ती पेटीच्या भिंतीपाशी स्टूल ओढून बसली. भिंत कोमट होती, कालच्या संध्याकाळची ऊब अजून पुरती गेली नव्हती.

काय विसरलंस, असं घराला विचारणं व्यर्थ, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. विसरलेल्याला विसरलेलं सांगता येत नाही. पण भोकाचा आकार भोवतालच्या विणीवरून काढता येतो. तिने आधी स्वतःबद्दल विचारलं. घर म्हणालं की जत्रेपर्यंतची भार्गवी मला पूर्ण ठाऊक आहे; त्यानंतरची जुजबी आहे, आणि संध्याकाळची तर मुळीच नाही.

म्हणजे उसवलेला धागा मुरलीधरचा नव्हता. तिचा होता. तिचा धागा काढायला तिचाच आवाज लागतो. आणि तिने असं काही कधी सांगितलेलं नव्हतं.

तिने तीच मांडणी पुन्हा मनाशी करून पाहिली. चूक सापडेना.

"मुरलीधरांच्या संध्याकाळच्या सवयी सांग," ती म्हणाली.

लसणावरचा हात थांबला.

घराचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "मुरलीधर संध्याकाळी कोणीतरी चालू ठेवलेली शेगडी बंद करतात. किल्ल्या पिठाच्या डब्यातून काढून खिळ्याला अडकवतात. आपलं जेवण झालं का, या प्रश्नाला झालं की, असं उत्तर देतात. तेच उत्तर ते पुन्हा पुन्हा देतात. त्यांचा स्वर चढत नाही."

"कोणाला देतात?"

"त्या जागी धागा नाही. मी या सवयी मागे जत्रेपर्यंत जुळवून पाहत आहे. संध्याकाळपर्यंत उमगेल."

भार्गवी स्टुलावरून उठली नाही. उरलेलं विणकाम तिच्या डोक्यात आपोआप पुरं होत गेलं. संध्याकाळी घराला उमगतं. तिच्याच नियमाप्रमाणे ते आधी तिला एकांतात सांगतं. ती ऐकते, घाबरते, आणि विणकराची मुलगी म्हणून झाक म्हणत नाही, उसव म्हणते. घर विसरतं. सकाळपर्यंत तीही विसरते. दुसऱ्या दिवशी मुरलीधर तिच्यामागे शेगडी बंद करतो, आणि त्याच्या त्या मायेवरून घर तिला पुन्हा ओळखतं.

उसवण्याची आज्ञा आपण दिल्याचं आपल्याला आठवत नाही, हाच काय तो पुरावा होता, आणि तो पुरेसा होता.

"अहो," ती म्हणाली, "हे मला आज कळतंय की आधीही कळलंय?"

मुरलीधरने सुरी खाली ठेवली. हाताला लसणाचा वास होता म्हणून त्याने हात धोतराला पुसला, मग तिच्याजवळ येऊन उभा राहिला. हे कोणाला सांगू नका, उद्या मलाही नको, असं ती रोज त्याच्याकडून वचन घेई, आणि रोज तो ते देई.

"कळलंय. याच स्टुलावर, कितीदा तरी. दर वेळी तू घराला उसवायला सांगतेस, आणि मी गप्प बसतो. तुझी खुर्ची जाईल म्हणून." मग जत्रेपासून ओठांशी अडवलेलं ते त्याने म्हटलं. "भार्गवी, तू विसरत चालली आहेस. आणि हे एकट्याने लक्षात ठेवणं मला आता झेपत नाही."