पायी तपासलेली गल्ली

नकाशा फोनमध्ये घालायला चार मिनिटं लागली. केबल जोडायची, राजसची फाइल ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवायची, मग ‘बाहेरचे नकाशे’ उघडून तिच्यापुढे खूण करायची. त्यानंतर इंटरनेट लागत नाही. मी फोन एअरप्लेन मोडवर टाकून पाहिलं. परळ, लालबाग, करी रोड, सगळं पडद्यावर उमटलं.

राजस माझा नवरा. आमच्या मंडळाची रुग्णवाहिका आहे. तिच्या ड्रायव्हरला चाळ सापडते, पण चाळीचा कोणता जिना धरायचा ते नेहमीच्या नकाशांत नसतं. राजस ते टिपायचा. प्रत्येक ठिपक्यावर एखाददुसरी ओळ : ‘मागचा जिना. स्ट्रेचर वळत नाही, खुर्ची न्या.’ खाली तपासल्याची तारीख. स्वतः पायी गेल्याशिवाय तो काहीच नोंदवत नसे. माझ्या माहेरचा जिनासुद्धा माझ्या तोंडच्या माहितीवर त्याने घेतला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी तो असाच करी रोडला गेला आणि परत आला नाही.

रुग्णवाहिकेचं आता माझा धाकटा दीर वैभव बघतो. नव्या ड्रायव्हरसाठी त्याने फाइल मागितली आणि निघता निघता म्हणाला, “वहिनी, आई म्हणतेय, आता फोटो लावू या. हार घालू.”

“कशाच्या आधारावर?”

“झालं, लॅब सुरू झाली तुझी.” मग आवाज उतरवून म्हणाला, “दादा वर गेला असला ना, तरी पायऱ्या मोजतच गेला असेल.”

“तो कुठे आहे ते कळल्याशिवाय हार नाही,” मी म्हणाले.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दुसऱ्याच्या हाती द्यायचं ते आधी आपण तपासून बघायचं, एवढी सवय लागली आहे. त्या रविवारी नकाशावरच्या सात जागी जाऊन उभी राहिले. जागा आणि ठिपका यांत चार-पाच मीटरचा फरक येत होता. करी रोडच्या एका टॉवरपाशी मात्र नकाशात गल्ली होती आणि समोर पार्किंगची भिंत.

भिंतीशी एक म्हातारी बाई सुकट-बोंबील घेऊन बसली होती. तिला सगळे जाईबाई म्हणत होते.

“गल्ली? होती तर! आमचीच. चाळ पाडली त्याला आठ वर्षं झाली. आता हे टॉवरवाले माझ्या सुकटीला नाक धरतात.” तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुला कोणाकडे जायचंय, बाय?”

“नवऱ्याकडे,” मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

राजसने गल्ली जुन्या आराखड्यावरून उतरवली असेल, असं मी धरून चालले. मग आठवलं, तो तसं करत नसे. घरी येऊन गल्लीतले ठिपके उघडले. सहा होते. ‘सार्वजनिक नळ. फरशी ओली.’ खाली तारीख, तीन मार्च. याच वर्षीची.

कॉम्प्युटरवरच्या मूळ फाइलमध्ये ती गल्लीच नव्हती.

मी फोनमधली फाइल काढून टाकली, मूळची पुन्हा घातली, फोन एअरप्लेन मोडवर ठेवून कपाटात बंद केला. सकाळी गल्ली होती आणि ठिपके सात. ‘लाकडी जिना. सतरा पायऱ्या.’ दुसऱ्या दिवशी आठ. ‘खोली बारा. दार उघडं. चहाचा वास.’ वहीत मी तारीख, वेळ, फाइलचा आकार लिहीत गेले. आकार रोज थोडा वाढत होता.

वैभवला मी काही सांगितलं नाही. रोज सकाळी दात घासायच्या आधी कपाट उघडायचे. बुधवारी आलं : ‘कठडा. थोडा वेळ बसलो.’ स्वतःबद्दल त्याने नकाशात कधी काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी माझे दोन्ही तास मी कसे घेतले, आठवत नाही.

ॲपमध्ये आपला ठिपकाही घालता येतो. मी भिंतीच्या अलीकडे एक घातला. ‘सुनेत्रा. गुरुवारी दुपारी चारला इथे उभी राहते.’

गुरुवारी पावणेचारलाच पोचले. भिंत उन्हाने तापली होती. जाईबाईने स्टूल पुढे सरकवलं. मी बसले नाही.

चारला गल्लीच्या आतल्या टोकाशी नवा ठिपका आला. ‘निघालो.’

चार वाजून तीन मिनिटांनी : ‘नळ. पुन्हा पाहिला.’

सुकटीच्या वासात ओल्या फरशीचा वास मिसळला. जाईबाईने मान वळवून भिंतीकडे पाहिलं आणि पदर सावरला.

चार वाजून सात मिनिटांनी : ‘गल्लीचं तोंड.’ माझ्यापासून दोन मीटर.

मी भिंतीवर तळवा टेकवला. भिंत गार होती.

“राजस,” मी म्हणाले. मग मोठ्याने, “राजस, मी इथेच आहे.”

हातातला फोन थरथरला. माझ्या ठिपक्याचा रंग बदलून त्याच्या ठिपक्यांसारखा झाला होता. मी तो उघडला. माझ्या ओळीखाली त्याने लिहिलं होतं :

‘चार वाजून नऊ मिनिटं. पायी तपासलं. इथे कोणी नाही.’