सोमवारचा गप्प भोंगा

डोळे मिटा बरं क्षणभर! समोर एक ओढा आहे. अलीकडे वीस घरं, पलीकडे वीस घरं. न्यूझीलंडमधली ही दोन गावं. पण सरकारनं कारभार बदलला आणि दोन्ही मिळून एकच गाव केलं. नाव एक, समिती एक, पुराचा इशारा देणारा भोंगाही एकच! दर सोमवारी दुपारी बरोबर बाराला तो वाजवून बघायचा, ही तिथली जुनी रीत. दिसलं?

तर त्या सोमवारी बारा वाजून गेले, तरी भोंगा गप्प!

"मावशी, मागच्या सोमवारीही वाजला नव्हता," शहरातल्या फ्लॅट बुशहून सुट्टीला आलेली बारा वर्षांची रिया म्हणाली.

"आता पलीकडचे बघतात ते," सुरेखामावशी कणीक मळत म्हणाली.

रिया मावसभाऊ वेदांतला घेऊन पूल ओलांडून गेली. पलीकडे राहणारे विरेमू अंकल कुंपण रंगवत होते.

"किया ओरा, नमस्कार! भोंगा? तो तर तुझी मावशी बघते ना?"

म्हणजे कोणीच बघत नव्हतं!

परतताना वेदांत पुलावर थबकला. "रिया, पाणी ब्राऊन झालंय! हीप्स, ढीगभर लाकडं येतायत!"

डोक्यावर ऊन होतं, पण डोंगरावर काळाकुट्ट पाऊस. आणि खाली, ओढ्याकाठच्या तंबूंपाशी, रियाचा सात वर्षांचा भाऊ मैत्रेय इतर मुलांबरोबर पोहायला गेला होता! मोबाइलला रेंज नव्हती.

"पळत जाऊ या?" वेदांतनं विचारलं.

"पाणी आपल्या आधी पोचेल! भोंग्याच्या खोलीत चल!"

खोली पुलाच्या टोकालाच होती. रियानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही! बाहेर एक ओंडका पुलावर धाडकन आदळला आणि भिंत थरथरली. तेवढ्यात तिला उंचावरचा मुख्य खटका दिसला, खाली पाडलेला. त्यावर पिवळी चिठ्ठी: 'नव्या समितीकडे सोपवेपर्यंत बंद.'

"सोपवला, पण चालूच केला नाही! वेदांत, खांद्यावर घे मला!"

"तू जड आहेस गं!"

"वेदांत!"

तिनं खटका वर ढकलला. वेदांतनं बटण दाबलं. भोंगा किंचाळला!

दोघं काठानं धावत सुटली. तंबू पाण्यात लोळत होते. मैत्रेय कुठेच नव्हता. रिया त्याच्या नावानं हाका मारू लागली.

"ताई! माझं एक जँडल वाहून गेलं!"

वर टेकडीवर सगळी मुलं होती. आणि एका पायानं अनवाणी मैत्रेय!

पुढच्या सोमवारी सगळं गाव खोलीपाशी जमलं. "चूक आम्हां मोठ्यांची," मावशी मान खाली घालून म्हणाली. "पोरं वाचली ती तुमच्या दोघांमुळे."

"आज बटणाचा मान रियाचा!" विरेमू अंकल म्हणाले. टाळ्या पडल्या.

रियानं बटणाला हात लावला नाही. खिशातून खडू काढून तिनं दारावर उभी रेघ मारली, एका बाजूला अलीकडच्यांसाठी, दुसऱ्या बाजूला पलीकडच्यांसाठी सोमवारच्या तारखा लिहिल्या आणि खडू मावशीपुढे धरला.

"आधी नाव लिही, मावशी. आज पाळी कोणाची?"