सात मिनिटं पुढचा आकडा

काल चाललेला फोन आज चालत नाही. मधल्या वेळात तो पडला नाही, भिजला नाही, कुणी उघडलाही नाही. मग बिघडलं काय?

हे कोडं आमच्या टेबलावर आलं तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आमच्या म्हणजे तापीकाठी नव्यानं उभ्या राहिलेल्या विद्यापीठातल्या तंत्रसाहाय्य कक्षाच्या. प्राध्यापक असोत, कर्मचारी असोत की विद्यार्थी, यंत्र अडलं की सगळे इथंच येतात. बाबा तिथले प्रमुख, त्यामुळे सुट्टीत माझाही मुक्काम तिथंच. तेव्हा बाबा एका वर्गातला बंद पडदा दुरुस्त करायला गेले होते आणि टेबलापाशी होतो मी, चैत्राली, इयत्ता सहावी, आणि बारकू. बारकू हा कक्षाचा यंत्रमानव. उंचीला कुकरएवढा, पण प्रश्न विचारायला लागला की भल्याभल्यांना घाम फोडतो.

दारातून आल्या बियाण्यांच्या शास्त्रज्ञ नेहेते मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी रुखसाना तडवी. रुखसानाच्या हातात एक चंदेरी डबा होता.

"अरे बाप्पा, बघ रे हे!" मॅडमनी फोन टेबलावर ठेवला. "काल संध्याकाळी तुम्हीच इथं चालू करून दिला. आज संगणक याचा एकही आकडा घेत नाही!"

डब्यात सातपुड्यातली जुनी ज्वारी होती. रुखसानानं तीन वर्षं खपून ती कमी पाण्यावर उगवेल अशी तयार केली होती. चंद्रावरच्या बागेसाठी जाणाऱ्या यानात त्या डब्याला जागा मिळाली होती. अट एकच, मार्गदर्शकांनी, म्हणजे मॅडमनी, फोनवरचा आकडा टाकून बाराच्या आत संगणकावर मंजुरी द्यायची. नाहीतर ती जागा दुसऱ्याची. पुढचं यान तीन वर्षांनी.

"तीनदा टाकला," रुखसाना म्हणाली. "आता दोनच संधी उरल्यात. मग खातं उद्यापर्यंत बंद."

"बारकू, तू ओळखतोस ना मॅडमना? मग दे की उघडून," मी म्हटलं.

"ओळखतो. पण मी ओळखीवर दार उघडायला लागलो, तर उद्या मॅडमचा आवाज काढून कुणीही येईल," बारकू म्हणाला. "आधी आकडा कुठून येतो ते बघू."

मॅडमच्या फोनवर सहा अंकी आकडा दिसत होता. दर तीस सेकंदांनी तो बदलत होता.

"हा आकडा फोनला सर्व्हर पाठवतो का?" मी विचारलं. सर्व्हर (सगळ्यांची माहिती सांभाळणारा मोठा संगणक) तळघरात असतो, एवढं मला माहीत होतं.

"नाही. गंमत तीच आहे. दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. पहिल्या दिवशी दोघांना एकच बीजांक (फक्त त्या दोघांना ठाऊक असलेली गुप्त संख्या) दिलेला असतो. त्यानंतर दोघं आपापलं घड्याळ बघतात, बीजांक आणि वेळ घेऊन एकच गणित करतात. म्हणून दोघांचं उत्तर जुळतं. आपण करून बघू. आपला बीजांक पाच. नियम असा, घड्याळातली मिनिटं गुणिले पाच. सांग उत्तर."

फोन माझ्या समोरच होता. अकरा पन्नास. "अडीचशे!"

"माझं दोनशे पंधरा," बारकू म्हणाला.

मी बोटं मोजून पुन्हा गुणाकार केला. तो बरोबरच होता. मग मी भिंतीवर पाहिलं. अकरा त्रेचाळीस.

"मॅडम, तुमचा फोन सात मिनिटं पुढे आहे!"

"असणारच. काल घरी गेल्यावर मीच केला," मॅडम ठसक्यात म्हणाल्या. "घरातलं प्रत्येक घड्याळ सात मिनिटं पुढे असतं माझं. छत्तीस वर्षांत एका तासाला उशीर नाही." आणि मग त्यांचा चेहरा पडला. "माय व! म्हणजे मीच?"

मला त्यांची फार दया आली. मी वेळ नीट करायला फोन उचलला, तर बारकू ओरडला, "थांब! वेळ बदलली की फोन सुरक्षेसाठी तासभर आकडा देत नाही."

रुखसानानं डबा पोटाशी घट्ट धरला.

मी मात्र विचार करत होते. फोनचं गणित चुकलेलं नव्हतं. तो फक्त सात मिनिटं आधी करत होता. म्हणजे आत्ता दिसतोय तो आकडा खोटा नाही. तो अजून खरा व्हायचाय!

"बारकू, आत्ताचा आकडा लिहून ठेवला आणि बरोबर सात मिनिटांनी टाकला तर?"

बारकूचे दिवे लुकलुकले. "चालेल. फोन मॅडमचा, हातही मॅडमचाच. यात फसवणूक नाही."

बोलता बोलता भिंतीवर अकरा पन्नास झाले आणि फोननं आपले अकरा सत्तावन्न दाखवले. बदललेला आकडा मॅडमनी तळहातावर लिहून घेतला. मग सात मिनिटं आम्ही नुसते भिंतीकडे बघत बसलो. तेवढी लांब सात मिनिटं मी आयुष्यात पाहिलेली नाहीत.

भिंतीवर अकरा सत्तावन्न होताच मॅडमनी टेबलावरच्या संगणकात एकेक अंक दाबला. पडदा हिरवा झाला. मंजुरी पोचली!

मी उडीच मारली. मॅडम मात्र रुखसानासमोर उभ्या राहिल्या. "पोरी, चुकलं माझं. तीन वर्षं घालवली असती तुझी."

रुखसानानं डोळे पुसले. "मॅडम, तुमच्या फोनात साडेअकरा झाले म्हणून आपण निघालो. भिंतीवरचं घड्याळ बघितलं असतं, तर सात मिनिटं उशिरा निघालो असतो आणि इथंच बारा वाजून गेले असते."

मॅडम मोठ्यानं हसल्या आणि वेळ नीट करायला फोन बारकूच्या हाती दिला. डबा न्यायला गाडी आली तेव्हा रुखसानानं मलाही एका बाजूनं हात लावू दिला. डबा माझ्या दप्तरापेक्षा हलका होता.

"चंद्रावर किती वाजलेत ते कुणाच्या घड्याळानं ठरवतात?" मी विचारलं.

"अजून भांडण चालू आहे," बारकू म्हणाला. "तिथं घड्याळ किंचित भरभर चालतं. सगळ्यांना पटेल असा हिशोब कुणीतरी बसवायला हवा."

मी वही उघडली आणि पहिल्या ओळीवर तोच प्रश्न लिहिला.